मगदूम सरांचा अळणी डबा

मगदूम सरांच्या डब्यावर आमचा सगळ्यांचा डोळा असायचा. जैनाचा डबा, त्यामुळे कांदा नाही, लसूण नाही, बटाटा तर जन्मात नाही. तरी दुपारची घंटा झाली की आम्ही आपापले डबे उघडायच्या आधी त्यांच्या डब्यात हात घालायचो. शाळूची पांढरी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. सर सगळ्यांच्या शेवटी, उरलेलं जेवायचे. "घ्या रं, घ्या. आमची वहिनी तुमच्यासाठीच जास्तीचं घालती," म्हणायचे, आणि ते खरंही होतं. सर बिनलग्नाचे, भाऊ-वहिनींच्या घरात राहायचे.

एका वर्षी संक्रांतीच्या आधी त्या चटणीतलं मीठ गेलं. खोत सरांनी पहिलाच घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"सर, वहिनी मीठ इसरल्या वाटतं."

"इसरली न्हाय. मी नियम केलाय. मीठ सोडलंय."

"किती दिवस?"

"बघू की."

जैन घरांत असे नियम घेतात. कुणी तूप सोडतं, कुणी साखर, कुणी चातुर्मासापुरतं हिरवं खाणं. आम्हाला नवल वाटलं नाही आणि कुणी कारणही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांच्या डब्यात हात घालायचं आम्ही बंद केलं.

आमची शाळा निपाणीपासून बारा-तेरा किलोमीटरवर. सातवीपर्यंतची सरकारी मराठी शाळा, कर्नाटकातली. शिक्षक चार. हेडमॅडम म्हणजे शिंत्रे मॅडम, खोत सर, मगदूम सर आणि सगळ्यांत लहान मी. नोकरीत जुने मगदूम सरच; हेडमास्तरकीचा नंबर त्यांचा होता, पण "मला पोरांत राहू द्या" म्हणून त्यांनी तो मॅडमकडं जाऊ दिला होता. उंच, काटकुळा माणूस. पँट सायकलच्या चेनमध्ये अडकू नये म्हणून पायाला नाडी बांधायचे आणि ती सोडायला विसरून दिवसभर तसेच वर्गात फिरायचे. पाणी गाळून यावं, जीवजंतू मरू नयेत म्हणून शाळेच्या नळाला त्यांनी दुहेरी पांढरं फडकं बांधलं होतं. रोज सकाळी ते सोडून धुवायचं, दगडावर वाळत घालायचं आणि दुसरं बांधायचं, हे काम त्यांनी कधी शिपायालाही सांगितलं नाही. जेवण सूर्य मावळायच्या आत. एकदा तालुक्याहून आलेल्या साहेबांची मीटिंग लांबली, तेव्हा हे मध्येच उभे राहिले. "साहेब, दिवस बुडाय लागलाय. मी जेवून येतो." साहेब हसायला लागले, पण सर व्हरांड्यात जाऊन दुपारची उरलेली अर्धी भाकरी खाऊन आले आणि पुन्हा जागेवर बसले.

खरेपणाच्या बाबतीत तर ते आम्हाला नकोसे व्हायचे. दहा मिनिटं उशीर झाला तर मस्टरवर स्वतःच्या हातानं तसं लिहायचे. मी एकदा म्हणालो, "सर, कुणी बघितलं होतं काय?" तर म्हणाले, "मी बघितलं की." आम्ही त्यांच्या माघारी हसायचो आणि त्यांच्यासमोर मस्टर जरा जपून भरायचो.

शाळेत एक काम मात्र त्यांच्याशिवाय अडायचं. वरून येणारी सगळी सर्क्युलरं कन्नडमध्ये. बाजारात, बसमध्ये आम्ही कन्नड बोलून वेळ मारून न्यायचो, पण सरकारी कन्नडचं एक पान वाचायचं म्हणजे आमच्या अंगावर काटा यायचा. सरांच्या घरात दोन्ही भाषा. ते चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ धरायचे, आधी कन्नडमध्ये पुटपुटायचे आणि मग मराठीत सांगायचे, "असं असं करा म्हणत्यात." लगेच कागद टेबलावरून फिरायचा आणि आम्ही खाली सह्या ठोकायचो. वर काय लिहिलंय ते बघायची गरज कुणाला वाटायची नाही. शेजारच्या मराठी शाळांतही हीच रीत होती. सगळीकडं एखादा कन्नड येणारा असायचा आणि बाकीचे त्याच्या भरवशावर सह्या करायचे.

आता त्या पोरींचं सांगतो. संक्रांत झाली की तंबाखूच्या वखारी जोरात सुरू व्हायच्या. गावाबाहेर एक वखार होती. बायका साडेनऊला तिथं जायच्या आणि पाचवी-सहावी-सातवीतल्या पोरींना बरोबर न्यायच्या. कामावर नाव आईचं. पोरगी बसायची आईच्या बुट्टीतला, म्हणजे टोपलीतला तंबाखू निवडायला. तिकडं वर्गात अकरा जागा रिकाम्या. आणि आम्ही काय करायचो? हजेरीत त्यांच्या नावापुढं हजर लिहायचो. पट कमी झाला तर मराठी शाळा बंद होईल, ही भीती खरीच होती. त्या भीतीच्या आडून आम्ही निवांत खोटं लिहायचो. मगदूम सर आपल्या वर्गाच्या हजेरीत गैरहजर लिहायचे आणि मॅडम ते नंतर खोडून दुरुस्त करायच्या.

सरांच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. पोरी साडेनऊला जातात, मग आपण सातला शाळा उघडायची. सात ते नऊ अभ्यास. हंगाम संपेपर्यंत. "माझं तीन दिवस. तुम्ही तिघांनी एक-एक दिवस घ्या. झाला आठवडा," एवढंच त्यांचं मागणं होतं.

आठवड्यातली एक सकाळ. हे लिहिताना आज मला माझीच लाज वाटते.

पूर्ण एक वर्ष सर आमच्या मागं लागले होते. मीटिंगमध्ये बोलायचे नाहीत. म्हणायचे, "चारचौघांत माणूस न्हाय म्हणतो आणि मग त्याला ते न्हाय धरून ठेवायला लागतं." प्रत्येकाला वेगळं गाठायचे. खोत सरांना एके सकाळी सायकलवर डबलसीट घेऊन वखारीच्या फाटकापाशी गेले. आपल्याच वर्गातल्या पोरी तोंडाला फडकं बांधून आत जाताना त्यांना दाखवल्या. खोत सर शिंकून शिंकून हैराण झाले. परत येऊन म्हणाले, "लई वास रं तिथं. डोकं चढलं माझं." आणि चहा मागवला. मॅडमकडं दुपारच्या जेवणाची माहिती भरायचं किचकट काम होतं. सरांनी ते काही न बोलता स्वतःकडं घेतलं आणि चार महिन्यांनी विषय काढला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही करा की सर, मी कुठं न्हाय म्हणतीया? पण मला त्यात घालू नका. काय झालं तर सही माझी असती."

माझ्याकडं ते निपाणीला घरी आले. माझं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोच्या हातचा चहा घेतला, आईशी पिकापाण्याचं बोलले आणि जाताना दारात म्हणाले, "सुभाष, तू तरणा हाईस. तू व्हय म्हणालास तर बाकीचे लाजंकाजं येतील."

"बघूया की सर," मी म्हणालो.

त्या वर्षात ते मला कितीदा विचारून गेले आणि मी कितीदा 'बघूया' म्हणालो, देव जाणे. स्पष्ट नाही म्हणायलाही मला जमलं नाही.

मग पुढच्या संक्रांतीच्या आधी एक सर्क्युलर आलं. दुपारची वेळ. सरांनी नेहमीसारखा चष्मा कपाळावर चढवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ कागद डोळ्यांपुढं धरला. मला वाटलं, अक्षर बारीक असेल.

"काय म्हणत्यात?" मॅडमनी विचारलं.

"हंगामात ज्या पोरी गैरहजर ऱ्हात्यात, त्यांच्यासाठी सकाळी सात ते नऊ जादा वर्ग घ्या म्हणत्यात. परत्येक शिक्षकानं आठवड्यातनं एक दिवस तरी."

"आता काय करायचं ह्या लोकास्नी!" खोत सर कडाडले. "एसीत बसून ऑर्डरी सोडायला काय जातंय!" पण कागद फिरला आणि त्यांनीही सही केली. मॅडम म्हणाल्या, "वरनंच आलंय म्हटल्यावर करायला पायजे." मीही सही केली. वर्षभर जे कुणाला पटलं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं. सर वर्षभर जे मागत होते नेमकं तेच सरकारनं कसं सांगितलं, हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही. मीठ त्यांनी सोडलं ते दुसऱ्या दिवसापासून.

वर्ग चालू झाला. माझा दिवस गुरुवार. साडेपाचला उठायचं, थंडीत मोटरसायकल काढायची आणि वाटेत सरकारला शिव्या द्यायच्या. पण शाळेत पोचायचो तर पायरीवर पोरी आधीच बसलेल्या असायच्या. अकराच्या अकरा. वह्या उघडल्या की वर्गभर तंबाखूचा दर्प पसरायचा आणि फळ्याकडं बघता बघता एखादी शिंकायची की बाकीच्या हसायच्या. सातवीतली रूपा नावाची एक पोरगी होती. दिवसाच्या वर्गात ती कधी तोंड उघडायची नाही. इथं पहिल्या बाकावर बसायची आणि अपूर्णांकाचं उदाहरण माझ्या आधी सोडवून, मला फळ्यावर चुकताना बघत गप्प बसायची. "सांगायचं न्हाय काय गं?" म्हटलं तर म्हणायची, "सर, तुमचं तुम्हाला घावंल म्हणलं." तिला आठवीला हायस्कूलला जायचं होतं. खोत सरसुद्धा बदलले. आपल्या दिवशी ते घरून चिरमुरे आणायला लागले, पोरी उपाशी येतात म्हणून. तोंडानं मात्र सरकारला शिव्या चालूच.

असे सहा आठवडे गेले.

त्या दिवसांत मी खात्याच्या कन्नड परीक्षेचा अभ्यास करत होतो. वाचनाचा सराव म्हणून एका दुपारी सर्क्युलरची फाईल घेऊन बसलो. अर्थ ठाऊक असलेलाच कागद घ्यावा म्हणजे सोपं जाईल, म्हणून मी तोच काढला. अक्षराखाली बोट ठेवून वाचत गेलो. शाळेच्या आवारात झाडं किती, कोणत्या जातीची, ते कळवावं. बस. पुन्हा वरपासून वाचलं. सात नाही, नऊ नाही, पोरी नाहीत, वर्ग नाही. खाली आमच्या चार सह्या.

मी गप्प बसू शकलो असतो. हे मी मनाशी हजारदा म्हटलंय. पण दुसऱ्या दिवशी गुरुवार होता आणि मला पहाटे उठायचा कंटाळा आला होता. इतकं ते क्षुल्लक होतं. संध्याकाळी खोत सरांना मी हसत हसत सांगितलं. म्हणजे बातमी माझ्या तोंडून गेली, आणि हसत गेली.

दुसऱ्या दिवशी मीटिंग बसली. मॅडमनी तो कागद टेबलावर ठेवला. "सर, माझी सही हाय ह्याच्यावर. सकाळी सातला एखादी पोरगी पडली-झडली असती तर मी कुठल्या ऑर्डरीवर बोट ठिवलं असतं?"

"फसवलंत तुम्ही आमाला," खोत सर म्हणाले. "तुम्ही! खरं बोलणारी माणसं!"

मगदूम सर उभे राहिले. पायाची नाडी तशीच होती. "व्हय. मी वाचलं ते तिथं लिवलं नव्हतं. चूक झाली. हात जोडून माफी मागतो." खरोखरच त्यांनी हात जोडले. मग म्हणाले, "आता ऑर्डर न्हाय हे तुमास्नी कळलं. पण वर्ग कसा चालतोय हे तर सहा आठवडे बघितलंय की न्हाय? खोत सर, तुम्ही चिरमुरे आणताय, ते काय ऑर्डरीत होतं? आता आपल्या मनानं चालवूया. हंगाम संपस्तवर. कोण कोण येणार?"

मॅडम फाईलची नाडी बांधायला लागल्या, खोत सर खिडकीबाहेर बघायला लागले. सर एकेकाच्या तोंडाकडं बघत शेवटी माझ्याकडं आले.

"बघूया की सर," मी म्हणालो.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी सहाही सकाळी एकट्यानं वर्ग घेतला. मग मॅडमनी शाळेची किल्ली स्वतःकडं घेतली. सर पायरीवर पोरींना घेऊन बसायला लागले. तेही मॅडमनी बंद करायला लावलं, लेखी, घाबरत घाबरत. पोरी दोन-तीन दिवस फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. हजेरीत आम्ही पुन्हा हजर लिहायला लागलो. खोट्याबद्दल सरांवर संतापलेली आम्ही माणसं, त्याच पेनानं.

खोत सर तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी वर तक्रार दिली. मराठीत. ती आठ दिवसांनी परत आली, वर शेरा मारून: कन्नडमध्ये पाठवा. खोत सर माझ्याकडं आले. मला अडखळत वाचता यायचं, लिहिता कुठलं येतंय? बाहेरच्याकडून लिहून घ्यायचं तर शाळेची अब्रू जाणार. दोन दिवस तो कागद टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मगदूम सरांनी आपला अळणी डबा झाकला, हात धुतले आणि म्हणाले, "द्या हिकडं."

"सर, तुम्ही कशाला..." खोत सर चाचरले.

"मग कोण करणार? द्या."

आमच्यासमोर बसून त्यांनी स्वतःविरुद्धची तक्रार कन्नडमध्ये उतरवली. मध्ये एकदा पेन थांबवून विचारलं, "खोत सर, हितं तुम्ही 'वारंवार दिशाभूल' लिवलंय. मी एकदाच केलीया. तसंच ठिवू काय?" खोत सर खाली बघत राहिले. "बरं, ऱ्हाऊ दे. तक्रार तुमची हाय," म्हणून त्यांनी 'वारंवार' तसंच ठेवलं. नंतर तो कागद मी बोट ठेवून वाचला. शब्दाला शब्द होता. या खेपेला त्यांनी पदरचं काहीसुद्धा घातलं नव्हतं.

जूनमध्ये सरांची बदली झाली, लोंढ्याच्या पलीकडं जंगलातल्या एका शाळेत. तिथं खोली घेऊन राहिले, हातानं करून खाल्लं, आणि तिथूनच निवृत्त झाले. निरोपसमारंभ आम्ही केला नाही. कोण बोलणार, हा प्रश्न होता. जायच्या दिवशी त्यांनी नळाचं फडकं धुतलं, दुसरं बांधलं आणि सायकल घेऊन गेले. ते दुसरं फडकं काळं पडून गळेपर्यंत तिथंच होतं.

रूपा आठवीला गेली नाही. मध्ये बरीच वर्षं गेली. एकदा वखारीवरून जाताना एका बाईनं मोटरसायकलला हात केला. तोंडावरचं फडकं खाली घेतलं तेव्हा ओळख पटली. गळ्यात मंगळसूत्र होतं आणि बोलताना मध्येमध्ये खोकत होती. "सर, त्यो सातचा वर्ग हाय काय अजून? धाकट्या भैनीला लावायची हुती." मी नाही म्हणालो. "बरं बरं," म्हणाली, जणू तिनंच काही चुकीचं मागितलं होतं, आणि आत गेली.

मी गाडी वळवली ती सरांच्या गावाकडंच. भावाच्या घरी होते. अंगणात पाटावर बसून जेवत होते, दिवस मावळायला थोडा अवकाश होता. वाळले होते, पण आवाज तोच. "ये रं सुभाष. बस. वहिनी, ह्येला बी वाढ गं." ताट आलं. भाकरी, आमटी, चटणी. माझ्यासाठी वहिनींनी वाटीत वेगळं मीठ आणून ठेवलं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"सर, अजून नियम चालूच हाय?"

"व्हय."

मी रूपाचं सांगितलं. त्यांचा हात ताटात थांबला. शेवटी मला राहवेना.

"सर, एवढं काय मोठं खोटं बोललाय तुम्ही? सोडा आता हे. किती शिक्षा घ्यायची?"

"खोट्याची शिक्षा?" त्यांनी माझ्याकडं नवलानं बघितलं. "त्याची कशाला घिऊ? पोरी सहा आठवडे शिकल्या त्या खोट्यावर. मी मीठ सोडलं ते तुमच्यापायी. तुमाला पटवून तुम्ही येशीला, ह्यावर माझा इस्वास उडाला, म्हणून मी ऑर्डर केली. आपल्याच माणसास्नी मी ढोरावानी हाकलं. अजून एक वरीस मागं लागलो असतो तर तू आला असतास, असं मला सारखं वाटतंय. तेवढा दम मी धरला न्हाय."

वाऱ्यानं चुलीचा धूर अंगणात आला. सर पुढं वाकले.

"तूच सांग आता. खरं सांग. आला असतास न्हवं? व्हय म्हणालास तर चूक माझी, मग ह्यो नियम मरूस्तवर. न्हाय म्हणालास तर मी बरोबर हुतो. मग आत्ता, ह्या घासापासनं मीठ खायला मोकळा."

इतकी वर्षं मी त्यांना 'बघूया' म्हणत आलो होतो. त्या दिवशी मी खरं बोललो.

"न्हाय, सर. आलो नसतो."

मला वाटलं होतं, त्यांचा जीव हलका होईल. पण त्यांचा चेहरा एकदम पडला, आशा धरून बसलेल्या माणसाला निकाल सांगितल्यावर पडतो तसा. मिठाची वाटी आमच्या दोघांच्या मध्ये होती. त्यांनी हात पुढं केला, वाटीवर क्षणभर ठेवला, आणि वाटी माझ्या ताटाकडं सरकवली.

"घे," म्हणाले, "तुझं अळणी ऱ्हाईल."

मग मावळतीकडं एकदा बघून त्यांनी उरलेली भाकरी तशीच खाल्ली.